पहिल्या आज्ञेचा अधिकार : जोडणीचा संगणक आणि बूट लोडर यांचा इतिहास
(पेण व रोहा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वेग, स्मृती आणि आकार या तीन मापांनी लिहिला जातो. खोलीभर पसरलेले यंत्र टेबलावर आले, टेबलावरचे हातात आले, असा हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. या क्रमात एक प्रश्न मात्र मागे राहतो. यंत्रास वीज मिळाल्यानंतर त्याने प्रथम कोणाची आज्ञा ऐकावी, हे कोणी ठरवावयाचे? निर्मात्याने, कार्यप्रणाली विकणाऱ्या कंपनीने, की यंत्राच्या मालकाने? या प्रश्नाचे उत्तर ज्या लहानशा आज्ञावलीत दडलेले असते तिला ‘बूट लोडर’ असे म्हणतात. या आज्ञावलीचा इतिहास आणि सुटे भाग आणून जोडलेल्या, म्हणजेच व्यवहारात ज्याला ‘असेंबल्ड’ म्हणतात त्या, संगणकाशी असलेले तिचे नाते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी पेण व रोहा हा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. पेण गणेशमूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. कुंडलिकेच्या काठी वसलेल्या रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत असून कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासूनच दक्षिणेकडे सुरू होतो. मोठ्या कंपनीचे सेवाकेंद्र दाराशी असावे इतकी ही गावे मोठी नाहीत आणि सुटे भाग मिळूच नयेत इतकी मुंबईपासून दूरही नाहीत. अशा ठिकाणी जोडणीचा संगणक हा केवळ स्वस्ताईचा मार्ग राहत नाही. दुरुस्ती गावातच करता यावी, या गरजेतून तो स्वीकारला जातो. म्हणूनच बूट लोडरचा प्रश्न येथे पुस्तकी न राहता व्यावहारिक होतो.

१. ‘बूट’ या संज्ञेची पूर्वपीठिका

स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलणे, अशा अशक्य कृतीच्या इंग्रजी कल्पनेवरून ही संज्ञा आली आहे. संगणकापुढील अडचण नेमकी याच स्वरूपाची असते. आज्ञावली स्मृतीत आणण्यासाठी आज्ञावलीच लागते, आणि यंत्र नुकतेच सुरू झाले असता मुख्य स्मृती रिकामी असते. मग पहिली आज्ञावली आणावयाची कोणी?

केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘एडसॅक’ या यंत्रात डेव्हिड व्हीलर यांनी हा पेच सोडविला. त्यांनी रचलेल्या ३१ प्रारंभिक आज्ञा दूरध्वनी यंत्रणेतील निवडक स्विचांवर कायमच्या बसविल्या होत्या. कळ दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि पुढील आज्ञावली कागदी फितीवरून वाचून घेत. १९५२ च्या ‘आयबीएम ७०१’ या यंत्रावर त्यासाठी ‘लोड’ नावाचे स्वतंत्र बटन होते. १९७५ च्या ‘अल्टेअर ८८००’ या संचात मात्र मालकाला दर्शनी फळीवरील स्विच खालीवर करून प्रारंभक आज्ञा एकेक बाइटाने भराव्या लागत. हे काम कष्टाचे होते. परंतु पहिली आज्ञा कोणाची, याविषयी तेथे संदेहास जागा नव्हती.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभारलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक येथे आठवणे उचित ठरेल. त्याचा प्रायोगिक संच १९५६ मध्ये आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरू यांच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय अभियंत्यांनी भागाला भाग जोडून हे यंत्र उभे केले. ज्यांनी ते जोडले त्यांनाच ते सुरू कसे होते हे ठाऊक होते. जोडणी आणि जाणकारी यांचे हे एकत्व पुढील काळात हळूहळू सुटत गेले.

२. खुली रचना आणि जोडणीच्या संगणकाचा उदय

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे बहुतेक भाग इतर उत्पादकांकडून घेतलेले होते. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी मुख्य गोष्ट ‘बायॉस’ ही होती. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमची लिहिलेली ही आज्ञावली भागांची तपासणी करते आणि नंतर डिस्कवरील बूट लोडरला पाचारण करते. आयबीएमने तिची संपूर्ण संहिता आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. मात्र तिच्यावर स्वामित्वहक्क होता. ‘कॉम्पॅक’ने १९८२ मध्ये मूळ संहिता न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तेच कार्य करणारी नवी बायॉस लिहवून घेतली. १९८४ पासून ‘फिनिक्स’ या कंपनीने अशी बायॉस इतर उत्पादकांस विकण्यास आरंभ केला. ‘अवॉर्ड’ आणि ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’ यांच्या बायॉसही पुढे सर्वत्र पोहोचल्या. जगभर कोणासही सुटे भाग घेऊन संगणक जोडता येऊ लागला तो या घडामोडींमुळे.

भारतात १९७८ मध्ये आयबीएमने आपला व्यवसाय आवरता घेतल्यानंतर देशी कंपन्यांना वाव मिळाला होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली आणि १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी पुढचे दार उघडले. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारात सहभाग घेतल्यावर सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. मुंबईतील ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, ही या भागांची मोठी बाजारपेठ ठरली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेट अशी यादी घेऊन ग्राहक तेथे जाऊ लागला. गावोगावी संगणक जोडून देणारा एक नवा कारागीरवर्गही याच काळात उदयास आला.

३. ५१२ बाइटांचा प्रदेश

जोडणी पूर्ण झाली, पंखा फिरू लागला, तपासणीचा ‘बीप’ वाजला, तरी संगणक तयार झाला असे होत नाही. यानंतर काय घडते हे समजून घेणे आवश्यक आहे. बायॉस आपल्या क्रमसूचीप्रमाणे फ्लॉपी, सीडी किंवा हार्ड डिस्क यांपैकी पहिल्या साधनाकडे वळते. हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधील ५१२ बाइट ती स्मृतीत उतरविते. या सेक्टरला ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ म्हणतात. त्यातील ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट विभाजनाच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. म्हणून मुख्य विभाग चारांहून अधिक करता येत नाहीत. शेवटची खूण जुळली नाही तर बायॉस तो सेक्टर बूटयोग्य मानत नाही.

या चिंचोळ्या प्रदेशाचे महत्त्व प्रथम उपद्रवी लोकांनी ओळखले, ही इतिहासातील एक लक्षणीय बाब होय. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये वास करीत असे. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा विषाणू आढळला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरबरोबरच हार्ड डिस्कचा पहिला सेक्टरही बाधित करी आणि ५ जानेवारीस पडद्यावर अडून बसून वापरकर्त्याकडून जोशींच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करवून घेई. मराठी वाचकास हे नाव ऐकून हसू येईल. परंतु त्यामागील तत्त्व गंभीर आहे. पहिली आज्ञा ज्याच्या हाती, त्याच्या हाती संपूर्ण यंत्र. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ या विषाणूने आणखी एक पायरी खाली उतरून अनेक यंत्रांतील बायॉसची चिपच पुसून टाकली. याच दशकात पुण्यात स्थापन झालेल्या आणि पुढे ‘क्विक हील’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा विस्तारही अशा विषाणूंच्या पार्श्वभूमीवर झाला.

४. ‘लिलो’ ते ‘ग्रब’

एका संगणकावर एकच कार्यप्रणाली असेल तर बूट लोडर नजरेसही पडत नाही. दोन कार्यप्रणाली नांदवावयाच्या ठरल्या की तो पुढे येतो. वेर्नर अल्मेसबेर्गर यांनी १९९२ च्या सुमारास लिनक्ससाठी ‘लिलो’ हा बूट लोडर लिहिला. लिलोला फाइलींची व्यवस्था कळत नसे. मूळ गाभा, म्हणजे ‘कर्नल’, डिस्कच्या कोणकोणत्या ठिकाणी आहे त्याची यादी तो आधीच टिपून ठेवी. त्यामुळे नवा कर्नल बसविल्यानंतर लिलोची आज्ञा पुन्हा चालविणे विसरले, की यादी जुनी आणि जागा नवी अशी स्थिती होई. सुरू होताना पडद्यावर त्याच्या नावाची चार अक्षरे एकेक करून उमटत. किती अक्षरांवर गाडी थांबली यावरून कोणत्या टप्प्यात बिघाड आहे हे जाणकार ओळखीत असत.

‘ग्रब’ची सुरुवात १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी केली आणि १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. ग्रबला फाइलींची व्यवस्था वाचता येत असल्याने तो कर्नलला नावाने शोधून काढतो. ४४६ बाइटांत हे सर्व मावणे शक्य नसल्याने त्याचा पहिला लहान अंश बूट रेकॉर्डमध्ये आणि मधला अंश पहिल्या विभागापूर्वीच्या रिकाम्या जागेत ठेवला जातो. उर्वरित भाग लिनक्सच्या विभागात राहतो. ही त्रिस्तरीय मांडणी लक्षात घेतली तर पुढील तीन नेहमीच्या अडचणींचा उलगडा होतो.

पहिली अडचण पुनःस्थापनेची. दोन कार्यप्रणाली असलेल्या संगणकावर विंडोज नव्याने बसविली की ती बूट रेकॉर्डमधील आज्ञा स्वतःच्या आज्ञांनी बदलते. लिनक्स दिसेनासे होते आणि ‘डेटा गेला’ असा समज होतो. वास्तविक लिनक्सचा विभाग जागेवरच असतो. हरवलेला असतो तो पहिला अंश. सीडीवरून लिनक्स चालवून ग्रब पुन्हा बसविल्यास यंत्र पूर्ववत होते. दुसरी अडचण दोन हार्ड डिस्कची. जोडणीच्या संगणकात जुनी डिस्क ठेवून नवी लावणे ही नित्याची गोष्ट आहे. कार्यप्रणाली नव्या डिस्कवर आणि बूट लोडर जुन्या डिस्कवर बसला, तर जुनी डिस्क काढताच नवीही मुकी होते. तिसरी अडचण जुन्या बायॉसच्या मर्यादेची. १०२४ सिलिंडरांपलीकडे, म्हणजे सुमारे ८.४ गिगाबाइटच्या पुढे, अशा बायॉसला वाचता येत नसे. म्हणून जुन्या मदरबोर्डवर मोठी डिस्क लावताना कर्नलसाठी डिस्कच्या आरंभी लहान स्वतंत्र विभाग राखणे हिताचे ठरे.

५. तालुक्याच्या गावातील संगणक

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम राज्यभर पोहोचला. तालुक्याच्या ठिकाणी संगणक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय, रोह्यातील डॉ. सी. डी. देशमुख यांच्या नावाचे महाविद्यालय यांसारख्या संस्था ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांतही संगणकाने स्थान मिळविले. या लाटेने लाखो लोकांना संगणकसाक्षर केले, हे निर्विवाद आहे. तथापि तिचा भर विंडोज आणि कार्यालयीन प्रणालींवर होता. शिक्षणाचा आरंभ पडद्यावर चित्रे उमटल्यानंतर होई. त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात यंत्रात काय घडते, हा विषय दुरुस्ती करणाऱ्याकडे सोपविला गेला.

परिणामी एक विचित्र श्रमविभागणी रूढ झाली. ज्ञानाची पदवी महाविद्यालयाकडे आणि यंत्र सुरू करण्याची विद्या बाजारपेठेतील दुकानाकडे राहिली. ‘फॉरमॅट मारून द्या’ हा वाक्प्रयोग या विभागणीचे अपत्य आहे. बूट लोडरची दहा मिनिटांची दुरुस्ती जेथे पुरेशी होती तेथेही संपूर्ण डिस्क पुसण्याचा मार्ग पत्करला जाऊ लागला. त्यात विद्यार्थ्यांचे प्रकल्प, कार्यालयाची पत्रे आणि छायाचित्रे नाहीशी होत. यात दुकानदाराला दोष देणे न्याय्य नाही. ग्राहकास घाई असते, मजुरी थोडी असते आणि फॉरमॅट हा खात्रीचा उपाय असतो.

कोकणच्या परिस्थितीने या प्रश्नास आणखी एक पदर दिला. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. पावसाळ्यातील दमटपणा आणि वीजखंड यांचा त्रास तर कायमचाच. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्याच्या अनेक भागांत वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित होता. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी बायॉसची नोंद आणि घड्याळ राखते. यंत्राला वीज नसली की तिच्यावरील भार वाढतो. ती संपली की नोंदी मूळपदावर जातात, बूटचा क्रम बदलतो, कधी डिस्क वाचण्याची पद्धतही बदलते आणि ‘कार्यप्रणाली सापडली नाही’ असा संदेश येतो. अल्प किमतीची बॅटरी आणि दोन नोंदींची दुरुस्ती एवढ्यावर भागणारा हा बिघाड आहे. कारण माहीत नसल्यास तोच डिस्कच्या मृत्यूसारखा भासतो.

पर्यायी प्रणाली तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या त्या टपाल आणि मासिके यांच्याद्वारे. ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्सच्या सीडी अंकासोबत दिल्या. ‘उबुंटू’ने २०११ पर्यंत मागेल त्यास घरपोच विनामूल्य सीडी पाठविल्या. मंद इंटरनेटच्या काळात या सीडींचे मोल मोठे होते. २००७ मध्ये सी-डॅकने भारतीय भाषांचा अंतर्भाव असलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली प्रसृत केली. या सर्व सीडींचा उपयोग होण्यासाठी एक पूर्वअट होती: बायॉसमध्ये जाऊन सीडीस प्रथम स्थान देण्याची मुभा आणि ते करण्याची माहिती. जोडणीच्या संगणकात मुभा होतीच; उणीव माहितीची होती.

६. खैराटचा तुलनात्मक संदर्भ

याच रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट येथील शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपमध्ये नेहमीच्या बायॉसऐवजी ‘ओपन फर्मवेअर’ ही खुली व्यवस्था होती. तरीही चोरीस आळा बसावा म्हणून स्वाक्षरी असलेलीच कार्यप्रणाली चालवावी, अशी योजना या यंत्रांसाठी करण्यात आली होती. हे बंधन दूर करावयाचे असल्यास ‘विकासकाची किल्ली’ मागविण्याची तरतूद होती. संरक्षण आणि स्वातंत्र्य यांचा मेळ घालण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न म्हणावा लागेल. कुलूप असावे, पण किल्ली मागणाऱ्यास मिळावी, हे त्यातील तत्त्व पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

७. ‘यूईएफआय’ आणि स्वाक्षरीचा प्रश्न

बूट रेकॉर्डच्या तक्त्यात २ टेराबाइटपलीकडील डिस्क मावत नव्हती आणि बायॉसची मूळ रचनाही जुनी झाली होती. इंटेलने आरंभिलेल्या ‘ईएफआय’चे कार्य २००५ मध्ये ‘यूईएफआय फोरम’कडे गेले. नव्या व्यवस्थेत पहिल्या सेक्टरची अरुंद जागा संपली. डिस्कवर एक स्वतंत्र विभाग राखला जातो आणि प्रत्येक कार्यप्रणाली आपला बूट लोडर त्यात स्वतंत्र फोल्डरमध्ये साध्या फाइलीच्या रूपात ठेवते. कोणाला प्रथम बोलवावयाचे याची यादी मदरबोर्डवरील स्थायी स्मृतीत असते. त्यामुळे एका प्रणालीने दुसरीचा बूट लोडर पुसण्याचे प्रसंग घटले; यादीतील क्रम बदलण्याचे मात्र राहिले.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ रूढ झाले. मदरबोर्डमध्ये नोंदलेल्या किल्लीने ज्यावर स्वाक्षरी झालेली आहे तोच बूट लोडर चालेल, असा हा नियम आहे. ब्रेन आणि जोशी यांच्या परंपरेला हे समर्पक उत्तर होते. परंतु बहुतेक यंत्रांत नोंदलेली किल्ली मायक्रोसॉफ्टची असल्याने लिनक्सच्या प्रणालींनाही त्या कंपनीकडून स्वाक्षरी घेतलेली ‘शिम’ नावाची मध्यस्थ आज्ञावली वापरावी लागली. विंडोज ८ च्या प्रमाणीकरणात सिक्युअर बूट बंद करण्याची सोय मालकास देणे सक्तीचे होते. २०१५ च्या विंडोज १० च्या वेळी ते उत्पादकाच्या मर्जीवर सोपविले गेले. सुट्या विकल्या जाणाऱ्या मदरबोर्डांत ही सोय साधारणतः आढळते. जोडणीच्या संगणकाचे ऐतिहासिक महत्त्व येथे स्पष्ट होते. ज्या काळात किल्ली कंपनीकडे सरकत गेली त्या काळात मालकाच्या हाती ती राखणारे ते एक साधन ठरले.

हा प्रश्न महाविद्यालयांच्या दाराशी येऊन ठेपला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूटची क्षमता आणि ‘टीपीएम २.०’ ही चिप लागते. प्रयोगशाळांतील अनेक जुने पण धडधाकट संगणक या निकषांत बसत नाहीत. तसेच सिक्युअर बूटसाठी २०११ मध्ये दिलेल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. अशी यंत्रे भंगारात काढावयाची की त्यांवर दुसरी कार्यप्रणाली बसवून ती आणखी काही वर्षे चालवावयाची, हा निर्णय वरकरणी आर्थिक आहे. प्रत्यक्षात तो संस्थेत बूट लोडर समजणारी व्यक्ती आहे की नाही, यावर अवलंबून आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बूट लोडरचा इतिहास हा यंत्रावरील अधिकाराचा इतिहास आहे. अल्टेअरच्या स्विचांपासून सिक्युअर बूटच्या किल्लीपर्यंत हा अधिकार मालकाकडून कंपनीकडे सरकत गेला. त्याच्या मोबदल्यात सुरक्षितता वाढली, हेही मान्य करावे लागते.

२) जोडणीच्या संगणकाने हा अधिकार मालकाकडे राखला; मात्र तो बजावण्याचे ज्ञान शिक्षणसंस्थांनी आपल्याकडे न ठेवता बाजारपेठेकडे जाऊ दिले.

३) पेण, रोहा यांसारख्या गावांत हे ज्ञान ज्यांच्या हाती आहे त्या कारागिरांची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात झालेली नाही. इतिहास आणि संगणकशास्त्र या दोन विभागांनी मिळून त्यांच्या मुलाखतींचे संकलन केल्यास स्थानिक इतिहासाचे एक मौलिक साधन उपलब्ध होईल.

४) महाविद्यालयांच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची किंमत, खरेदीची तारीख आणि पुरवठादार यांची नोंद होते. त्याच्या जोडीला प्रत्येक यंत्रासाठी एक पानी टिपण असावे. बूटची पद्धत जुनी बायॉस की यूईएफआय, बूट लोडर कोणत्या डिस्कवर, सिक्युअर बूट सुरू की बंद, सेटअपचा परवलीचा शब्द कोणाकडे आणि बॅटरी शेवटची केव्हा बदलली, एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत.

मूर्तिकाराच्या कारखान्यात साचा कोणाचा यावरून मूर्तीचे रूप ठरते, हे पेणच्या माणसास सांगावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीत हा साचा ४४६ बाइटांचा होता, आता तो एका लहान फाइलीचा आहे. तो आपल्या प्रयोगशाळेत कोणाच्या हाती असावा, हे ठरविण्याची वेळ जुनी यंत्रे निर्लेखित करण्याच्या ठरावावर स्वाक्षरी होण्यापूर्वीची आहे.